कंडेन्सरचं देणं

आमची पद्मिनी 1979 सालची. बाबांनी ती 1988 मध्ये त्यांच्या ऑफिसातल्या एका साहेबांकडून घेतली, तेव्हाच ती नऊ वर्षांची होती. रंग फिकट निळा, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, बॉनेटखाली 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. मूळची ही गाडी इटलीच्या फियाटची, 1100 नावाची. वालचंद हिराचंदांनी 1944 साली सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची आणि 1974 पासून तिला पद्मिनी म्हणू लागले. आम्ही टिळकनगरात राहायचो. गाडी जिथे जन्मली ती जागा घरापासून फार लांब नाही, हे बाबा पाहुण्यांना आवर्जून सांगत. घरात मात्र तिला सगळे फियाटच म्हणायचे.

जानेवारी 1994 मध्ये बाबा गेले. भाऊ बडोद्याला नोकरीवर. घरात आई आणि मी. मी एका कंपनीत हिशेब लिहायचे. माझ्याकडे लायसन्स होतं, गाडी चालवता येत होती. पण किल्ली फिरवली की ती चालू का होते आणि कधी कधी का होत नाही, याची मला काडीचीही माहिती नव्हती. बाबा असताना ती माहिती करून घ्यावी असं कधी वाटलंही नाही. रविवारी सकाळी ते बॉनेट उघडून उभे असायचे, मी वर गॅलरीत पेपर वाचत असायचे.

त्या जुलैत एका सकाळी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. रात्रभर पाऊस झाला होता. गाडी चालू होईना. मी चोक ओढला, ढकलला, पुन्हा ओढला, आणि सेल्फ मारत राहिले. इंजिन फिरत होतं, पण पकडत नव्हतं. हळूहळू सेल्फचा आवाज खोल गेला. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, “पोरी, किल्ली सोड आता. बॅटरी मरंल.”

ते मामा. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, आमच्या आवारात सगळे त्यांना मामाच म्हणायचे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. दुष्काळात गाव सोडून मुंबईत आले, आधी टॅक्स्या धुतल्या, मग चालवल्या, मग स्वतःची घेतली. काळी-पिवळी, आमच्यासारखीच पद्मिनी. आमच्या इमारतीमागच्या बैठ्या चाळीत राहायचे आणि टॅक्सी आमच्या आवारात, भिंतीलगत लावायचे. कुर्ला टर्मिनसला उत्तरेकडच्या गाड्या यायच्या वेळी त्यांची पहिली खेप असायची. त्याआधी अर्धा तास ते टॅक्सीपाशी काहीतरी करत असत. इतकी वर्षं मी त्यांना रोज पाहत होते आणि एकदाही त्यांच्याशी बोलले नव्हते.

त्यांनी बॉनेट उघडलं. डेल्कोच्या टोपणाच्या दोन क्लिपा बोटाने मोकळ्या केल्या. टॅक्सीवाले डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात, पुढे मीही तेच म्हणू लागले. टोपण उलटं करून त्यांनी माझ्यासमोर धरलं. आत, भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला असतात तसे पाण्याचे बारीक थेंब होते. “करंटला ओल दिसली की तो वाट सोडतो,” ते म्हणाले. कोरड्या बनियनच्या तुकड्याने टोपण आतून-बाहेरून पुसलं, चारही वायरींची टोकं पुसली, टोपण बसवलं. बॅटरी उतरली होती, म्हणून चाळीतल्या दोन पोरांना हाक मारून धक्का दिला. दहा पावलांत इंजिन लागलं.

मी 20 रुपये पुढे केले. ते म्हणाले, “पैसं नगंत. उद्या सकाळी साडेसहाला खाली ये.”

मी गेले. त्यांना मला का शिकवावंसं वाटलं ते मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी तीनच प्रश्न पाठ करून घेतले. करंट हाय का? पेट्रोल हाय का? ठिणगी येळेवर पडते का? क्रम हाच. पेट्रोलवर संशय घ्यायला सगळे आधी धावतात, कारण कार्बोरेटर डोळ्यांना दिसतो आणि करंट दिसत नाही. कार्बोरेटरचा म्हणून सांगितलेला निम्मा आजार शेवटी करंटचाच निघतो, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून आधी करंट बघायचा, आणि तोसुद्धा बॅटरीपासून प्लगपर्यंत वाटेतला एकही मुक्काम न गाळता.

ती वाट त्यांनी मला पाटाच्या पाण्याने समजावली. माझी समजूत अशी होती की डेल्कोतले दोन पॉइंट एकमेकांना टेकले की ठिणगी पडते. ते म्हणाले, उलटं. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलमधून करंट निवांत वाहत असतो, पाटातून पाणी वाहावं तसा. “वाहत्या पाटात एकदम फळी घातली तर काय व्हतं? पाणी उसळतं का न्हाय?” पॉइंट उघडतात तीच ती फळी. वाहता करंट एकदम अडला की कॉइलमध्ये तो उसळतो, बॅटरीच्या 12 व्होल्टचे पंधरा-वीस हजार होतात, आणि तो लोंढा डेल्कोच्या टोपणातून, फिरत्या रोटरवरून, ज्या प्लगची पाळी असेल त्याच्याकडे जातो. मग कंडेन्सर कशाला? “उसळल्यालं पाणी बांध फोडून जाऊ नये म्हणून बाजूला एक खड्डा लागतो. त्यो कंडेन्सर.” खड्डा नसेल तर पाणी फळीवरूनच उडी मारतं, म्हणजे पॉइंटच्या फटीत ठिणगी पडते, पॉइंट जळतात आणि प्लगपाशी काही उरत नाही. मी पुढे कॉइल आणि कंडेन्सरबद्दल पुस्तकांतूनही वाचलं. शब्द वेगळे होते, पण पाटाचं चित्र कुठेही मोडावं लागलं नाही.

पॉइंटची फट अठरा थाऊ, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जराशी कमी. फीलर गेजची पाती त्यात घालायची. पाती ओढताना लागली पाहिजे, अडकता कामा नये. हे ‘लागणं’ सांगून कळत नाही. मामा माझ्या हातात पाती देऊन स्क्रू जरासा सैल करत, जरासा आवळत, आणि विचारत, “आता?” मी म्हणायचे, “बरोबर.” ते मान हलवत, “घट हाय.” असं आठवडाभर चाललं. एक दिवस मी म्हणाले, “घट आहे,” आणि ते काही न बोलता स्टूलवरून उठले. ऑफिसात बसून मी एकदा हिशेब केला. इंजिन मिनिटाला 3000 फेरे फिरत असेल तर चार सिलिंडरना मिळून मिनिटाला 6000 ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला 100. तेवढ्या वेळा ती फट उघडते आणि मिटते. त्यानंतर पाती धरताना माझा हात आपोआप सावध होऊ लागला.

माझ्याकडून चुकाही झाल्या. एकदा मी चारही प्लगच्या वायरी एकदम काढून पुसल्या आणि अंदाजाने परत लावल्या. सेल्फ मारताच कार्बोरेटरमधून ठाड करून उलटा भडका आला. मामा टॅक्सी धुवत होते, हातातला मग तसाच ठेवून धावत आले. मी ठीक आहे हे पाहिलं आणि मग खडूने डेल्कोच्या टोपणावर माझ्याकडून आकडे लिहून घेतले : 1, 3, 4, 2. या इंजिनाची ठिणगी याच क्रमाने फिरते. “एका येळी एकच वायर काढायची. ती लावली की मग दुसरी.” रागावले नाहीत. त्याच दिवशी त्यांनी टॅक्सीच्या पार्किंग लाइटचा एक बल्ब आणि दोन वायरी घेऊन मला टेस्ट लॅम्प करून दिला.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहिते.

डिसेंबर 1995 मध्ये गाडी मिसिंग मारू लागली. चढावर दम तुटायचा. एका रविवारी मामांनी डेल्को उघडला. एका पॉइंटवर बारीक खड्डा पडला होता, दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा आला होता आणि दोन्हींच्या कडा निळसर-काळ्या झाल्या होत्या. “कंडेन्सर गेला,” मामा म्हणाले. कुर्ल्याहून कालिन्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडवर पार्टची दुकानं आहेत, पण रविवार होता. मामांनी त्यांचा पत्र्याचा बिस्किटांचा डबा आणला. त्यात कागदाच्या पुड्यांत बांधलेले जुने पॉइंट, रोटर, कंडेन्सर असायचे. त्यातला एक कंडेन्सर काढून त्यांनी माझ्या गाडीला लावला, पॉइंट घासून फट लावली. माझ्या गाडीचा काढलेला कंडेन्सर, करंगळीच्या पेराएवढा, त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. ते मी पाहिलं.

आठ दिवसांनी गाडी चेंबूर नाक्याजवळ एकदम बंद पडली. मिनिटभराने चालू झाली. पुन्हा बंद पडली. मागे ट्रकवाले हॉर्न मारत होते. तिथे उभी असताना माझ्या डोळ्यांपुढे तो शर्टाचा खिसा आला. त्यांच्या टॅक्सीला चांगला पार्ट हवा असणार, त्यांनी माझा काढून घेतला आणि त्यांचा मरायला टेकलेला मला लावला. हे मी मनात आणलं एवढंच नाही, घरी येऊन बोलले. एका घरात नव्हे, तीन घरांत. सेक्रेटरींच्या घरी, तळमजल्यावरच्या आजींकडे आणि समोरच्या जिन्यावरच्या एका कुटुंबात. त्या तिसऱ्या घरातल्या बाई म्हणाल्या, “म्हणजे चोरच की,” आणि मी मान डोलावली.

दीड वर्ष ज्यांनी मला रोज सकाळी उभं राहून शिकवलं, त्यांना मी एक शब्द विचारला नाही. विचारायला चाळीस पावलं जावं लागलं असतं.

सोसायटीने मामांना सांगितलं की आवारात कोणाच्या गाडीला हात लावायचा नाही आणि टॅक्सीही बाहेर रस्त्यावर लावायची. त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांना ते कळलं असणार, चाळीत सगळं कळतं. दुसऱ्या दिवसापासून टॅक्सी भिंतीच्या बाहेर उभी राहू लागली. फाटकात समोरासमोर आलो तर ते नेहमीसारखं विचारायचे, “बरं हाय का?” मी हो म्हणून पुढे जायचे.

गाडी एका गॅरेजमध्ये दिली. त्यांनी कार्बोरेटर उघडून साफ केला, चारही प्लग नवे घातले, नवा कंडेन्सर घातला आणि काढलेला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मला परत दिला. माझ्या पगाराचा मोठा भाग गेला. गाडी पुन्हा बंद पडली, खड्ड्यात चाक गेलं की हमखास.

फेब्रुवारीत एका रविवारी मी तो टेस्ट लॅम्प काढला. शिकवलेल्या क्रमानेच जायचं ठरवलं. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून थोडी ढकलली, पॉइंट मिटलेले दिसले तिथे थांबवली. किल्ली ऑन केली. लॅम्पचं एक टोक बॉडीला, दुसरं कॉइलच्या डेल्कोकडच्या स्क्रूला. पॉइंट मिटलेले असताना हा दिवा विझलेला राहिला पाहिजे, कारण करंट पॉइंटमधून जमिनीला जातो, दिव्याकडे वळत नाही. दिवा विझलेलाच होता. मग मी वाटेतली एकेक जोडणी बोटाने हलवू लागले. डेल्कोच्या भोकातून आत शिरणारी तीन-चार इंचांची बारीक वायर हलवली आणि दिवा पेटला. सोडली, विझला. पुन्हा हलवली, पेटला.

वायर सोडवून हातात घेतली. वरचं आवरण अगदी शाबूत होतं. दोन्ही टोकं धरून ओढली तर मधे एका जागी ती रबरासारखी ताणली गेली. ब्लेडने तिथे आवरण उभं चिरलं. आतल्या तांब्याच्या तारा तुटलेल्या होत्या, टोकं काळपट-हिरवी पडली होती. आवरणाच्या आत ती एकमेकांना टेकून होती, धक्का बसला की सुटत होती. दोष एवढाच होता. कंडेन्सरचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.

वायरचा नवा तुकडा घातला. मग पिशवीतला मामांचा कंडेन्सर काढून तो पुन्हा लावला. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं आणि एका लयीत चालू लागलं. मी चेंबूर नाक्यापर्यंत जाऊन आले. गाडी कुठेही अडखळली नाही. परत येऊन मी बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेले. मामी भाकऱ्या थापत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, कोणाकोणाकडे काय बोलले तेही. मामींचे हात थांबले. मामांनी मला पूर्ण बोलू दिलं आणि मग विचारलं, “तार कुटं तुटली व्हती? डेल्कोच्या भोकापाशी का?”

“हो.”

“तितंच तुटती. इंजिन थरथरतं, तार रोज वाकती. तुज्या तूच शोधली?”

“हो.”

“लॅम्प लावून?”

“हो.”

ते उठले, फळीवरून डबा काढला, त्यातली एक पुडी उघडून माझ्या तळहातावर ठेवली. माझ्या गाडीचा जुना कंडेन्सर. कागदावर पेन्सिलीने तारीख होती आणि खाली, ‘निळी फियाट. बाद.’ तो खरंच बाद आहे की पॉइंट दुसऱ्या कशाने जळले, याची खात्री करायला त्यांनी तो स्वतःच्या टॅक्सीला लावून पाहिला होता. टॅक्सी मिसिंग मारू लागली, टर्मिनसची सकाळची खेप बुडाली. मग पुडीत बांधून ठेवला. “बाद वस्तू फेकायची न्हाय. कुनीतरी उचलून लावतं, आन् फसतं.” आणि मला लावला होता तो? तो त्यांच्या टॅक्सीत सहा महिने चाललेला, परखलेला होता. “नवा म्हंजे चांगला न्हवं. नवा म्हंजे अजून न तपासलेला.” तेव्हा मला कळलं की त्या रविवारी दुकान उघडं असतं तरीही त्यांनी मला तोच दिला असता.

मामी काही बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी भाकरी आणि ठेचा ताटलीत वाढून माझ्यासमोर ठेवला. मी खाली बसून जेवले.

सेक्रेटरींकडे मी त्याच रात्री गेले, तळमजल्यावरच्या आजींकडे दुसऱ्या दिवशी. दोघांना स्पष्ट सांगितलं की मी खोटं बोलले होते. सोसायटीने बंदी उठवली आणि टॅक्सी पुन्हा आत आली. पण त्यानंतर मामांनी आवारातल्या दुसऱ्या कोणाच्या गाडीला हात लावला नाही. लोक बोलवायचे, ते हात जोडून नको म्हणायचे. फक्त माझ्या गाडीपाशी यायचे. तिसऱ्या घरी मी गेले नाही. चोर हा शब्द तिथे उच्चारला गेला होता आणि मी मान डोलावली होती, ते त्या बाईंच्या डोळ्यांसमोर उभं राहून परत घेणं मला जमलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं म्हणत राहिले.

1997 मध्ये आईच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, परळच्या बाजूला. मी ऑफिसात वेळा बदलून घेतल्या आणि तिला गाडीतून नेऊ-आणू लागले. पुढच्या मे महिन्यात परत येताना सायनच्या आसपास गाडी बंद पडायला लागली. तापली की मरायची, अर्ध्या तासाने काही न करता चालू व्हायची. येणारा-जाणारा सांगायचा, पेट्रोल पंप तापला, पेट्रोलची वाफ झाली, ओलं फडकं टाका. मी टाकायचे, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी खरंच चालू व्हायची. त्यामुळे मला पंपाचाच दोष पटला. दोनदा आईला टॅक्सीत घालून घरी पाठवावं लागलं. डायलिसिसनंतर तिच्या अंगात बसायचंही त्राण नसायचं.

मामांना सांगितलं. ते म्हणाले, “फडक्यानं चालू झाली का येळ गेल्यानं, ह्ये तुला कसं कळलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. “बिगाड आसंल त्याच घडीला बगावं लागतं. गार झाल्यावर सगळंच चांगलं दिसतं.”

ते आमच्याबरोबर यायला लागले. दुपारची वेळ, टॅक्सीच्या धंद्याची. पहिल्या दिवशी गाडी बंद पडली नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेला सायन सर्कलच्या अलीकडे पडली. मामा उतरले, आधी रस्त्यापलीकडून आईसाठी पाणी आणलं, ऊन लागू नये म्हणून तिच्या बाजूच्या काचेला पेपर लावला आणि मग बॉनेट उघडलं. मला म्हणाले, “तू बग. मी सेल्फ मारतो.” मी कॉइलची मधली जाड वायर डेल्कोच्या टोपणातून उपसली, लाकडी चिमट्यात धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर ठेवलं. चांगली ठिणगी निळी आणि ठसठशीत असते, टकटक वाजते. काहीच पडली नाही. म्हणजे पेट्रोलचा प्रश्न मिटला. मग कॉइलच्या स्क्रूला टेस्ट लॅम्प लावला. सेल्फ फिरताना दिवा लुकलुकत होता, म्हणजे पॉइंट आपलं काम करत होते. पाट वाहत होता, फळीही पडत होती, पण पाणी उसळत नव्हतं. कॉइलला हात लावला तर चटका बसला.

“आता फडकं टाक,” मामा म्हणाले, “पण कॉइलवर. पंपाला हात लावू नगं.” ओलं फडकं कॉइलभोवती गुंडाळलं, वरून बाटलीतलं पाणी थोडं थोडं सोडलं. पाचेक मिनिटांत पुन्हा वायर धरली. निळी ठिणगी टक् करून पडली. पंप तसाच तापलेला होता आणि गाडी चालू झाली. महिनाभर मी फडकं टाकत होते ते चुकीच्या जागी, आणि त्या वेळात कॉइल आपोआप गार होत होता.

दुसऱ्या दिवशी सीएसटी रोडवरून नवा कॉइल आणला. मामांनी त्यांचा परखलेला जुना कॉइल डिकीत ठेवायला लावला, नव्याची महिनाभर खात्री पटेपर्यंत. आई 1999 च्या ऑक्टोबरात गेली. त्या शेवटच्या दीड वर्षात गाडी तिला घेऊन रस्त्यात एकदाही थांबली नाही. मामांनी त्या तीन दुपारींचे पैसे घेतले नाहीत. मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतल्याला तेव्हा दोन-अडीच वर्षं झाली होती.

पुढे टॅक्स्या सीएनजीवर आल्या. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, पेट्रोलवर निभावून नेणारा कमजोर कॉइल गॅसवर लगेच उघडा पडतो. हे मामा साठीला टेकल्यावर नव्याने शिकले आणि मला बोलावून दाखवलं. 2005 मध्ये त्यांनी टॅक्सी विकली आणि गावी गेले. जाताना डबा मला दिला. त्यांनी 1995 मध्ये लावलेला कंडेन्सर माझ्या गाडीत 2004 पर्यंत चालला, तोही आता त्याच डब्यात आहे, पुडीवर तारखा लिहून. 2013 मध्ये मामा गेले. त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. बातमी वाचून मी मामींना फोन केला. त्यांना ऐकायला कमी येतं. त्यांनी तीनदा विचारलं, “तुजी निळी हाय ना अजून?” तिन्ही वेळा मी हो म्हणाले.

आमची इमारत पुनर्विकासात पाडली गेली. जुनी बिऱ्हाडं पांगली. तिसऱ्या घरातलं कुटुंब त्याआधीच जागा विकून गेलं होतं, कुठे गेलं ते मला कळलेलं नाही. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांना सांगायचं आहे : डिसेंबर 1995 मध्ये मी तुमच्या घरी बसून जे बोलले ते खोटं होतं. मामांनी माझ्या गाडीतून काही चोरलं नव्हतं. काढलेला कंडेन्सर बाद होता, आणि त्याच्या जागी त्यांनी त्यांचा चांगला लावला होता.